हिरवा लेसर आणि चार्जिंगचे सेल

आकाशदर्शनाला हिरवा लेसर पॉइंटर नेला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘चार्जिंगचे सेल नकोत, १.२ व्होल्टवर तो चालत नाही.’ हे अर्धसत्य आहे. अल्कलाइन सेलवर १.५ छापलेलं असतं, पण ते कोऱ्या सेलचं. लेसर दोन-तीनशे मिलिअँपिअर ओढू लागला की ते भराभर उतरतं. चार्जिंगचा, म्हणजे निकेल मेटल हायड्राइडचा सेल मात्र १.२ च्या आसपास बराच वेळ टिकून राहतो. काही लेसर पेनांत उजेड थोडा कमी पडतो, एवढंच. थंडीत लेसर मंदावला तर सगळा दोष सेलवर ढकलू नका. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देणारे आतले स्फटिकही गारठ्यात कुरकुरतात. पेन खिशात ठेवून ऊब द्या.

जपायचं ते पेनातल्या AAA सेलच्याच मापाच्या, ‘१०४४०’ नावाच्या लिथियम सेलला. तो ३.७ व्होल्टचा, असे दोन घातले की ७.४, आणि डायोड जळायला वेळ लागत नाही.