सॅमनला नदी नीटनेटकी नको असते

ओरेगन आणि वॉशिंग्टन या अमेरिकेच्या वायव्येकडच्या राज्यांत १९५० ते ७० च्या दशकांत सरकारी लोकांनीच ओढ्यांत पडलेले ओंडके मशीन लावून बाहेर काढले, का तर म्हणे समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या सॅमन माशांची वाट अडते. हेतू चांगलाच होता हो, लाकूडतोडवाल्यांनी बऱ्याच ठिकाणी खरंच ढीग करून ठेवले होते. पण ओढे साफ झाले आणि माशांना राहायलाच जागा उरली नाही!

कारण ओंडका आडवा पडला की पाणी त्याच्यावर आपटून खालचा तळ खणतं, डोह होतो, आणि जिथे पाणी मंदावतं तिथे खडी साठते. सॅमन किंवा ट्राउटची मादी शेपटीने हीच खडी उकरून अंडी घालते, मग खडीतल्या फटींतून सतत ताजं पाणी फिरत राहावं लागतं, नाहीतर अंड्यांना ऑक्सिजन मिळत नाही. वरून बारीक गाळ बसला की फटी बंद, अंडी गुदमरून मेली. कोहो सॅमनची पिल्लं तर वर्षभर तरी गोड्या पाण्यातच काढतात, हिवाळ्यात पूर आला की ओंडक्यामागच्या संथ पाण्यात लपायचं, हेच नसेल तर थेट वाहून जायचं.

आता काय चाललंय, तर तसेच ओंडके मुळांसकट परत नदीत टाकतायत, रस्ता नसेल तिथे हेलिकॉप्टरने. खर्च विचारू नका. मला त्यापेक्षा ओरेगनमधल्या ब्रिज क्रीकचा प्रकार जास्त आवडतो, तिथे ओढ्यात नुसते खांब ठोकून आडोसे केले आणि पुढचं काम बीव्हरनी, म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यात बांध घालणाऱ्या प्राण्यांनी, केलं. स्टीलहेड ट्राउटच्या पिल्लांची संख्या वाढली, जगण्याचं प्रमाणही वाढलं, आणि माशांचं वर-खाली जाणं काही अडलं नाही, असा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला.

अर्थात खाली मोठं धरण असेल तर वर कितीही ओंडके टाका, मासा पोचणारच नाही. ओरेगन-कॅलिफोर्निया सीमेवरच्या क्लॅमथ नदीवरची ४ धरणं २०२३-२४ मध्ये पाडली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्येच चिनूक सॅमन वर ओरेगनपर्यंत पोचले, १९१२ नंतर पहिल्यांदा! धरणांचे तलाव रिकामे होऊन उघड्या पडलेल्या गाळावर युरोक या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी स्थानिक बिया पेरल्यात. पण तिथली झाडं मोठी होऊन आपली आपण नदीत पडायला कित्येक दशकं जातील, तोवर लाकूड बाहेरूनच आणावं लागणार.