सैनिकी शिस्त आणि ट्रेनिंग (बदलत्या परंपरा आणि निकष)

भरती झालेल्या साध्या माणसाचा सैनिक करायची जी सगळी पद्धत असते, म्हणजे कवायत, पीटी, हत्यारांचा सराव, युनिफॉर्मचे आणि केसांचे नियम, सॅल्यूट, शिक्षा, मेसमधले रीतिरिवाज, त्या सगळ्याला मिळून सैनिकी शिस्त आणि ट्रेनिंग म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हे शेकडो वर्षं असंच चालत आलंय, पण तसं काही नाहीये, दोन-तीन पिढ्यांत यातला बराचसा भाग बदलून जातो आणि बदलला की आधीची पिढी म्हणते की आता पूर्वीसारखं कडक राहिलं नाही. ही तक्रार रोमन काळापासूनची आहे. वेजिटियस नावाच्या लेखकाने साधारण सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की हल्लीच्या सैनिकांना सराव नाही म्हणून चिलखत जड वाटतं आणि ते काढून टाकायची परवानगी मागतात. आधीचे रंगरूट खऱ्या तलवारीच्या दुप्पट वजनाच्या लाकडी तलवारीने खांबावर वार करायचे, उन्हाळ्यातल्या पाच तासांत वीस रोमन मैल चालायचे, असंही तोच सांगतो. तक्रार कधीकधी खरी असते, पण बऱ्याच वेळा त्यात कडक काय आणि उपयोगी काय याची गल्लत झालेली असते.

कवायत

आज परेड ग्राउंडवर दिसते ती कवायत बरीचशी समारंभाची गोष्ट झालीये, मुळात मात्र ती लढायचीच पद्धत होती. सोळाव्या शतकाच्या शेवटी बंदूक भरणं हे केवढं तरी काम होतं, दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा, हातातली जळती वात सांभाळा, आणि हे सगळं शेजारच्याच्या दारूला आग न लावता. नेदरलँड्सच्या मॉरिस ऑफ नासाऊने १५९० च्या दशकात या कामाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक हालचालीला एक हुकूम लावला. १६०७ मध्ये या हालचालींचं चित्रांचं पुस्तकच निघालं, त्यात नुसत्या बंदुकीच्या चाळीसच्या वर स्टेप आहेत. पुढच्या रांगेने गोळी झाडून मागे जायचं आणि मागच्या रांगेने पुढे यायचं हे सगळे एकाच वेळी हलले तरच जमतं, एक जण गडबडला की अख्खी रांग गडबडते, म्हणून रोज तोच तोच सराव. पुढे प्रशियाने (तेव्हाचं एक जर्मन राज्य) लयीत पावलं टाकायला लावून आणि लाकडी गजाच्या जागी लोखंडी गज आणून हे टोकाला नेलं.

यातला एक वेगळा किस्सा अमेरिकेतला आहे. इंग्रजांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, १७७८ च्या हिवाळ्यात, अमेरिकन सैन्याच्या व्हॅली फोर्जच्या छावणीत फॉन श्टॉयबेन नावाचा प्रशियन अधिकारी आला, त्याने शंभरेक जणांची नमुन्याची तुकडी घेतली आणि स्वतः मैदानात उतरून कवायत शिकवली. तेव्हा हे सार्जंटचं काम समजलं जायचं, अधिकारी लांब उभे राहायचे. इंग्रजी धड येत नव्हतं म्हणून शिव्यासुद्धा दुभाष्याकडून द्याव्या लागायच्या म्हणे. त्याने युरोपातल्या ओळखीच्याला कळवलं होतं की तिकडे 'कर' म्हटलं की सैनिक करतो, इथे आधी का करायचं ते सांगावं लागतं आणि मग तो करतो. हे 'का ते सांगणं' पुढच्या दोनशे वर्षांत हळूहळू सगळीकडेच आलं, कुठे लवकर कुठे फार उशिरा.

मशिनगन आल्यावर रांगेत उभं राहून लढणं म्हणजे मरणच, तरीही कवायत गेली नाही. कारण हुकूम ऐकून अंग आपोआप हलणं, शेजाऱ्याशी पाऊल जुळवणं, थकलेलं असताना लक्ष ठेवणं या गोष्टी तिच्यातून अजूनही शिकवता येतात, आणि अनोळखी पोरांचा गट पटकन एकत्र येतो. पण मूळ लढाईचं काम गेलं की किती वेळ त्यात घालवायचा हा प्रश्न उरतोच. तसंच संगीनीचं. अमेरिकन आर्मीने २०१० मध्ये संगीन लावून धावून जायचा कोर्स बेसिक ट्रेनिंगमधून काढला, तिथल्या मरीन कोअरने संगीन सोडली नाही, दोघांचीही कारणं आपापल्या जागी पटतात. नेमबाजीत मात्र बदल फारसा कोणाला खटकला नाही, गोल ठिपक्याच्या टार्गेटऐवजी १९५० च्या दशकात अचानक उठणारी माणसाच्या आकाराची टार्गेट आली आणि 'परंपरा बुडाली' म्हणून फारसं कोणी ओरडलं नाही.

काठी, फटके आणि गोळी

रोमन सेंच्युरियनच्या (तुकडीवरच्या अधिकाऱ्याच्या) हातात द्राक्षवेलीची काठी असायची. ल्युसिलियस नावाच्या एका सेंच्युरियनचं टोपणनाव 'दुसरी दे' असं पडलं होतं, कारण सैनिकाच्या पाठीवर एक काठी मोडली की तो लगेच पुढची मागायचा, इ.स. १४ च्या बंडात त्याच्याच माणसांनी त्याला मारला. मारून शिस्त लागते हे खरं, पण ती कोणाच्या विरुद्ध फिरेल ते सांगता येत नाही.

अठराव्या शतकातलं प्रशियाचं सैन्य या पद्धतीचं टोक होतं, दोन रांगांमधून पळवत दोन्ही बाजूंनी फटके द्यायचे. मग १८०६ मध्ये येनाच्या लढाईत नेपोलियनने त्यांना धुळीला मिळवलं आणि लगेच दोन वर्षांत, १८०८ च्या सुधारणांमध्ये, हे फटके गेले. माणुसकीचा विचार होताच, पण मुख्य हिशेब असा होता की सक्तीच्या भरतीने सगळ्या थरातली माणसं घ्यायची तर त्यांना जनावरासारखं मारून चालणार नाही. ब्रिटनला यायला अजून वेळ लागला, १८४६ मध्ये फटक्यांची मर्यादा ५० वर आणली (त्याआधी शेकड्यांनी मारायचे), १८६८ मध्ये शांततेच्या काळात बंद आणि १८८१ मध्ये पूर्ण बंद. गंमत म्हणजे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल बेंटिंकने १८३५ मध्येच देशी शिपायांचे फटके बंद केले होते, म्हणजे त्याच छावणीत गोऱ्या सोजिराला फटके बसायचे आणि शिपायाला नाही, मग १८४५ मध्ये ते परत सुरू केले.

पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिशांनी ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यातल्या कित्येकांना आज आपण युद्धाचा मानसिक धक्का म्हणतो तो बसलेला असावा. या गुन्ह्यांची मृत्युदंडाची शिक्षा १९३० मध्ये रद्द झाली आणि या ३०६ जणांना माफी मिळाली ती थेट २००६ मध्ये. शिस्त ढिली झाली म्हणून सैन्य कोसळलं असं काही झालं नाही, ब्रिटिश सैन्य दुसरं महायुद्ध या गुन्ह्यांसाठीच्या मृत्युदंडाशिवायच लढलं.

उलट बाजूचं उदाहरण रशियाचं. मार्च १९१७ मध्ये पेट्रोग्राड सोव्हिएतने (क्रांतीत राजधानीत उभी राहिलेली कामगार आणि सैनिकांची परिषद) आपल्या पहिल्याच हुकुमात ड्युटीबाहेरचा सॅल्यूट आणि अधिकाऱ्यांना 'हुजूर' वगैरे म्हणणं बंद केलं, सैनिकांच्या कमिट्या आल्या, वर्षअखेरीस हुद्देही गेले. लढायला लागल्यावर एकेक गोष्ट मागच्या दाराने परत आली, १९३५ मध्ये हुद्दे, आणि १९४३ च्या जानेवारीत झारच्या काळातल्या खांद्यावरच्या पट्ट्यासुद्धा. चीनने १९६५ मध्ये हुद्दे काढले आणि १९८८ मध्ये परत आणले. कोणाचं ऐकायचं हे बघताक्षणी कळावं लागतं, एवढी गरज कुठल्याही विचारसरणीने जात नाही.

दाढी, दारू, पगडी

बाहेरच्याला क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर सैन्यात सगळ्यात जास्त वाद होतात. १८०६ मध्ये वेल्लोरला नवीन पगडी आली, कपाळावरचं गंध आणि कानातल्या बाळ्यांवर बंदी आली, दाढी-मिशांवर नियम आले, आणि १० जुलैला शिपायांनी किल्ल्यात उठाव केला. वरून एक नियम काढणाऱ्याला तो टापटिपीचा वाटतो आणि खालच्याला तो धर्मावर घाला वाटतो, हे ५१ वर्षांनी काडतुसांच्या वेळी परत दिसलं.

पश्चिम जर्मनीत १९७१ मध्ये उलटंच झालं, पोरांचे केस लांब होते आणि सक्तीची भरती होती, तेव्हा सैन्याने केस कापायच्या ऐवजी हेअरनेट वाटायचा हुकूम काढला, जगभर हसं झालं आणि पुढच्याच वर्षी तो मागे घेतला. त्याच सैन्याने १९५० च्या दशकात केलेला बदल मात्र टिकला: सैनिक म्हणजे गणवेशातला नागरिक, आणि माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्धचा हुकूम पाळायची सक्ती त्याच्यावर नाही असं कायद्यातच लिहिलं. हिटलरच्या सैन्यात आंधळी आज्ञाधारकता काय करते ते बघून झालं होतं.

ब्रिटिश नौदलात रोजची रम ३१ जुलै १९७० ला बंद झाली, खलाश्यांनी दंडाला काळ्या फिती बांधून शोक पाळला, पण किचकट मशिनरी आणि क्षेपणास्त्रं सांभाळणाऱ्याने दुपारी प्यायलेलं असू नये यावर वाद घालणं अवघडच होतं. ब्रिटिश आर्मीने दाढीला सरसकट परवानगी २०२४ मध्ये दिली. भारतीय नौदलाने २०२२ मध्ये झेंड्यावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस काढून शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आणला, २०२३ मध्ये अधिकाऱ्यांनी काखेत छडी बाळगायची इंग्रजी पद्धत बंद केली आणि २०२४ मध्ये मेसमध्ये कुर्ता-पायजमा चालेल असं ठरवलं. यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं, लढण्याच्या तयारीशी मात्र यातल्या कशाचाच फारसा संबंध नाही.

पाणी आणि फिटनेस

कडकपणाच्या नावाखाली निव्वळ चुकीचं काय चालायचं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे पाणी. बऱ्याच सैन्यांत अशी समजूत होती की मार्चमध्ये पाणी कमी दिलं की शरीराला सवय होते. उन्हाची सवय होते, साधारण दोन आठवड्यांत घाम लवकर यायला लागतो आणि त्यात मीठ कमी जातं, पण पाण्याशिवाय राहायची सवय शरीराला कधीच लागत नाही, उलट सरावलेला माणूस जास्त घामेजतो म्हणून त्याला पाणी जास्त लागतं. रंगरूट उष्माघाताने पडायचे आणि उस्ताद (ट्रेनिंग देणारे) म्हणायचे कच्चा होता. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन ट्रेनिंग सेंटरमधल्या या केसेस कमी करायला हवेतलं तापमान, दमटपणा आणि ऊन एकत्र मोजणारा निर्देशांक काढला, तो ठरावीक आकड्याच्या वर गेला की मैदानात झेंडा लागतो आणि मेहनतीचं काम कमी होतं किंवा थांबतं. आज तोच निर्देशांक कारखाने आणि खेळातही वापरतात. मग लंबक दुसरीकडे गेला, पाणी प्या पाणी प्या करून इतकं पाजलं की रक्तातलं सोडियम उतरून काही जण दगावले, आणि १९९८ मध्ये तासाला साधारण दीड लिटरच्या आत ही मर्यादा घालावी लागली.

हाडांचंही तसंच. लांब मार्चनंतर पायाच्या हाडाला जाणारा बारीक तडा प्रशियाच्या सैन्यातल्या डॉक्टरने १८५५ मध्येच नोंदवला होता, तरी पुढे शंभर-सव्वाशे वर्षं रंगरूट बुटांतच धावत होते.

फिटनेस टेस्टचे निकष कसे बदलतात ते अमेरिकन आर्मीत स्पष्ट दिसतं. १९८० पासून पुशअप, सिटअप आणि दोन मैल धावणं एवढंच होतं, घ्यायला सोपं, पण जखमी साथीदाराला ओढून नेणं किंवा जड पेट्या उचलणं यातलं काही त्यात मोजलं जायचं नाही. २०२२ मध्ये सहा प्रकारांची नवीन टेस्ट अधिकृत झाली, त्यात वजन उचलणं आणि ओढत-वाहत धावणं आलं, हाताने लटकून गुडघे वर घ्यायचा प्रकार बऱ्याच जणांना, विशेषतः बायकांना, जमेना म्हणून त्याजागी प्लँक (कोपरांवर टेकून अंग सरळ धरून ठेवणं) आला. २०२५ मध्ये परत बदल होऊन पाच प्रकार राहिले आणि लढाऊ विभागांना स्त्री-पुरुष एकच निकष झाला.

बायका आल्यावर 'निकष खाली आणले' हा आरोप होतोच, तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत: सर्वसाधारण फिटनेस वयाप्रमाणे आणि लिंगाप्रमाणे मोजता येतो, पन्नाशीच्या कर्नलला विशीतल्या जवानाइतकं धावायला कोणी सांगत नाही, पण कामाचा निकष म्हणजे तोफगोळा उचलणं हा सगळ्यांना सारखाच असायला हवा कारण गोळ्याचं वजन बदलत नाही. ही दोन मापं वेगळी ठेवली तर अर्धा वाद मिटतो. नॉर्वेने २०१५ पासून मुलींनाही सक्तीची सेवा लावली, ब्रिटनने २०१८ मध्ये सगळ्या शाखा खुल्या केल्या, आणि खडकवासल्याच्या एनडीएत सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये आलेल्या पहिल्या तुकडीतल्या १७ मुली मे २०२५ मध्ये पास आउट झाल्या.

ओरडणं, रगडा (शिक्षा म्हणून करायला लावलेली मेहनत) आणि छळ

एप्रिल १९५६ मध्ये अमेरिकेच्या पॅरिस आयलंड ट्रेनिंग सेंटरमध्ये एका ड्रिल इन्स्ट्रक्टरने शिक्षा म्हणून प्लॅटूनला रात्री खाडीत उतरवलं आणि सहा रंगरूट बुडाले. त्यानंतर इन्स्ट्रक्टरांची निवड, त्यांच्यावरची देखरेख, अंगाला हात लावायचे नियम सगळं बदललं. सोव्हिएत आणि नंतर रशियन सैन्यात सीनियर शिपायांकडून ज्युनियरांचा छळ इतका मुरला होता की २००८ मध्ये सक्तीची सेवा एक वर्षावर आणण्यामागे तेही एक कारण होतं, सीनियर बॅचच उरायला नको. दक्षिण कोरियाने २०२० पासून सक्तीच्या सेवेतल्या पोरांना ड्युटीनंतर मोबाइल वापरू दिला, जुन्यांनी नाकं मुरडली, पण घरी बोलता येणाऱ्या पोराचा छळ लपवणं अवघड जातं हे तितकंच खरं.

काही गोष्टी मात्र नुसत्या अफवा असतात. १९९० च्या दशकापासून सांगितलं जातं की अमेरिकन रंगरूटांना 'स्ट्रेस कार्ड' मिळायचं, ते दाखवलं की इन्स्ट्रक्टरने ओरडणं थांबवायचं. नौदलाने मदत कुठे मिळेल याची माहिती असलेलं कार्ड दिलं होतं, त्याने ट्रेनिंग थांबत वगैरे नव्हतं, पण किस्सा अजून फिरतोय आणि सांगणारा प्रत्येक जण म्हणतो की माझ्या नंतरच्या बॅचला मिळालं. २०२० मध्ये तिथल्या आर्मीच्या इन्फंट्री (पायदळ) ट्रेनिंगने पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून अंगावर ओरडत यायची पद्धत बंद करून त्याजागी टीमने करायची कामं ठेवली, त्यावर 'मऊ झाले' अशी टीका झाली, पण त्याच इन्फंट्रीचं ट्रेनिंग त्याआधीच १४ वरून २२ आठवड्यांचं केलं होतं, याकडे टीका करणाऱ्यांचं लक्ष गेलं नाही. २०२५ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याच्या प्रमुखांनी जुना कडकपणा परत आणा म्हणून जाहीरपणे सांगितलं आणि दाढीवरही परत बंधनं आली.