कार्यमूल्यमापन आणि कर्मचारी-विकास

कर्मचाऱ्याकडून वर्षभरात काय अपेक्षित आहे हे त्याच्याशी बोलून ठरवणे, काम चालू असताना लक्ष ठेवणे, अडेल तिथे शिकवणे आणि शेवटी झालेल्या कामाची नोंद करणे, या सगळ्या व्यवहाराला कार्यमूल्यमापन म्हणतात. खाजगी कंपन्यांत त्याला सरसकट ‘अप्रेझल’ म्हणतात, सरकारी कार्यालयांत अजूनही ‘सीआर’, म्हणजे गोपनीय अहवाल. दोन्ही शब्द शेवटच्या टप्प्याला, म्हणजे शेरा आणि पगारवाढीला, चिकटून बसले आहेत. आधीचे अकरा महिने त्यामुळे विस्मरणात जातात.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात याच्या तीन-चार तऱ्हा शेजारी-शेजारी दिसतात. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत जिथे युनियन आहे, तिथे कामगारांची वाढ वेतनकरारातून ठरते. त्याच आवारातल्या इंजिनिअरला मात्र वर्षाचे रेटिंग मिळते. ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पार्कांत केआरए, म्हणजे जबाबदारीची ठरवून दिलेली मुख्य क्षेत्रे, आणि बेल कर्व्ह, म्हणजे वरचे आणि खालचे रेटिंग ठरावीक टक्के लोकांनाच. कॉल सेंटरमध्ये तर दर कॉलला किती वेळ लागला याचा हिशेब रोजच्या रोज. महापालिकांत गोपनीय अहवालाची परंपरा.

उद्दिष्टे ठरवून काम मोजण्याची कल्पना व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ साली मांडली. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी कर्मचाऱ्यांची २०-७०-१० अशी विभागणी रूढ केली : वरचे वीस टक्के, मधले सत्तर, तळाचे दहा. तळाच्या दहा टक्क्यांना दार दाखवले जाई. अशा सक्तीच्या क्रमवारीने सहकारी एकमेकांना मदत करेनासे होतात, ही तक्रार जुनीच. मायक्रोसॉफ्टमध्येही अशी क्रमवारी होती, ती २०१३ मध्ये सोडली. गुणवत्ता-तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचा आक्षेप आणखी मुळाशी जातो : कामातला बराचसा फरक यंत्रणेमुळे पडतो, तो माणसाच्या नावावर मांडणे चूक. कच्चा माल खराब आला आणि बॅच रिजेक्ट झाली, तर ऑपरेटरचे रेटिंग का घसरावे?

भारतात उदय पारीक आणि टी. व्ही. राव या मनुष्यबळ-विकासाच्या अभ्यासकांनी १९७४-७५ मध्ये लार्सन अँड टुब्रोसाठी केलेले काम महत्त्वाचे मानले जाते. मूल्यमापनाला समुपदेशन आणि कर्मचाऱ्याच्या घडणीची जोड देणारी व्यवस्था त्यांनी सुचवली. पगाराचा आकडा आणि सुधारणेची चर्चा एकाच बैठकीत उरकली की समोरच्याच्या कानात फक्त आकडा शिरतो. हे दोन विषय वेगळ्या दिवशी ठेवणे सहज जमण्यासारखे आहे, तरी फार थोड्या ठिकाणी होते.

सरकारी नोकरीत मोठा बदल घडवला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या देव दत्त खटल्याने. देव दत्त हे सीमा रस्ते सेवेतले कार्यकारी अभियंता. बढतीसाठी पाच वर्षे ‘व्हेरी गुड’ शेरा हवा होता. १९९३-९४ च्या अहवालात ‘गुड’ होता आणि तो त्यांना कळवलाच नव्हता. तोवर प्रतिकूल शेरेच कळवायची रीत, आणि ‘गुड’ला प्रतिकूल कोण म्हणेल? न्यायालयाने ठरवले की शेरा कोणताही असो, तो कळवला पाहिजे आणि त्यावर दाद मागण्याची संधी दिली पाहिजे. केंद्राने २००९ मध्ये त्यानुसार आदेश काढले. बंद लिफाफ्यातला अहवाल कर्मचाऱ्याच्या हातात आला, ही गोष्ट कोणत्याही रेटिंग-पद्धतीपेक्षा मोठी आहे.

खाजगी कंपनीत दोष बहुधा लिहिण्याच्या वेळेतच असतो. मार्चअखेरीस रात्री अकराला सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म भरताना जानेवारी-फेब्रुवारीचेच काम आठवते. जूनमध्ये पावसाने लोकल बंद असताना घरून सावरलेला सॉफ्टवेअरचा रिलीज कुठेच येत नाही. मॅनेजरचेही तसेच होते. दर महिन्याला चार ओळी लिहून ठेवणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. अभिप्रायही नेमका हवा. ‘जरा पुढाकार घ्या’ यातून काही हाती लागत नाही. ‘मंगळवारच्या कॉलवर क्लायंटने तारीख विचारली, ती तुमच्याकडे होती, तरी तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पुढच्या वेळी तुम्हीच सांगा’, यातून लागते.

कमी पडणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी तीस ते नव्वद दिवसांचा सुधारणा-आराखडा, ‘पीआयपी’, दिला जातो. त्यात दर आठवड्याची बैठक आणि शिकवणारा माणूस नसेल, तर तो काढून टाकण्यापूर्वीचा नुसता कागद ठरतो.

विकासाची सर्वांत बोलकी नोंद कारखान्यातल्या स्किल मॅट्रिक्सच्या फळ्यावर सापडते. उभ्या रकान्यात नावे, आडव्या ओळीत मशिने आणि प्रत्येक चौकोनात एक वर्तुळ. पाव भरले तर माणूस शिकतो आहे, अर्धे म्हणजे देखरेखीखाली चालवतो, पाऊण म्हणजे एकटा चालवतो. पूर्ण वर्तुळ दुसऱ्याला शिकवू शकणाऱ्याचे. फळा शिफ्ट बदलताना सगळ्यांच्या नजरेसमोर असतो, आणि सुपरवायझर मार्कर घेऊन वर्तुळ भरतो तेव्हा ज्याचे नाव आहे तो कामगार शेजारीच उभा असतो.