नळमार्ग तपासणी रोबो

तेल, वायू किंवा पाणी वाहून नेणाऱ्या नळांत शिरून गंज, तडे, चेपलेले भाग व वेल्डमधले दोष शोधणारी यंत्रे. जमिनीखालचा नळ बाहेरून दिसत नाही आणि पुरवठा बंद ठेवून तो सगळा उकरणे परवडत नाही, म्हणून ती आली.

त्यांची पूर्वज म्हणजे ‘पिग’. नळात घट्ट बसणारी आणि प्रवाहाच्या दाबानेच सरकणारी ही वस्तू मुळात आतला मळ व मेण खरवडण्यासाठी होती. १९६०च्या दशकात अमेरिकेतील ट्यूबोस्कोप कंपनीने चुंबक बसवलेली पिग आणली. पोलादी भिंत चुंबकाने पुरती भारली, की जिथे ती गंजून पातळ झालेली असते तिथे चुंबकीय क्षेत्र भिंतीबाहेर गळते. संवेदक ते टिपतात. भिंतीला टेकून फिरणारे चाक अंतर मोजते, त्यामुळे खणायचे कुठे हेही समजते. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने इंडियन ऑइलच्या साथीने याच तत्त्वावरची पिग देशातच तयार केली.

खरे तर पिगला रोबो म्हणणे जरा सैलच. तिला मनाने थांबता येत नाही, मागे वळता येत नाही. अरुंद व्हॉल्व्ह, काटकोनी वळणे किंवा मंद प्रवाह असला की ती अडते, आणि शहरांतले जुने वायुनळ नेमके असेच असतात. कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो येथे ९ सप्टेंबर २०१० रोजी १९५६ साली टाकलेला वायुनळ फुटून आठ जण मेले. दोष नळाच्या लांबीला धरून गेलेल्या वेल्डमध्ये होता आणि त्या नळात पिग चालण्याची सोयच नव्हती.

अशा नळांसाठी कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘एक्सप्लोरर’ घडला. डब्यांच्या गाडीसारखा जोडलेला हा रोबो सहा ते आठ इंची नळात, वायू चालू असतानाच सोडता येतो. पाय फाकवून तो चाके भिंतीला दाबतो आणि स्वतःच्या बॅटरीवर पुढे-मागे जातो. डब्यांमधल्या सांध्यांमुळे काटकोनही पार करतो. दोन्ही टोकांना कॅमेरे असतात. मागे केबल नसते. पोलादी नळच रेडिओलहरींना वाट करून देतो. पुढच्या आवृत्तीत भिंतीची झीज मोजणारे संवेदकही आले.

पॉलिएथिलीन या प्लास्टिकच्या नळांत मात्र चुंबकाचा काहीच उपयोग नाही. शहरांतला घरगुती वायू बराचसा त्यांतूनच येतो, त्यामुळे तिथे कॅमेऱ्यासारख्या इतर साधनांवरच भिस्त ठेवावी लागते.