बॅटरी गेली, म्हणजे नेमकं काय गेलं?

जुन्या इलेक्ट्रिक कारची बॅटरी ‘गेली’ असं सांगितलं जातं, तेव्हा बऱ्याचदा तिचा एखादाच भाग गेलेला असतो. डिसेंबर 2010 मध्ये आलेली निसान लीफ बघा. तिच्या 24 किलोवॅट-अवर बॅटरीत 48 मॉड्यूल, म्हणजे पत्र्याचे सपाट डबे असतात. प्रत्येकात चार सेल. दोन-दोन सेल समांतर जोडून झालेल्या 96 जोड्या एकसर जोडणीत असतात. त्यामुळे एक जोडी आधी रिकामी झाली की बाकीच्या 95 मध्ये वीज असूनही गाडी थांबते.

ही कमजोर जोडी शोधणं फार अवघड नाही. गाडी चढावर जोर लावत असताना बाकीच्या जोड्या 3.7 व्होल्टवर आणि एकच 3.3 वर घसरली, तर चोर सापडला. ते मॉड्यूल बदलायचं. पण त्याच वयाचं घालायचं आणि आधी बाकीच्यांच्या व्होल्टेजला आणून. कोरं करकरीत घालून उपयोग नाही, कारण पॅकची, म्हणजे अख्ख्या बॅटरीची, ताकद उरलेल्यांपैकी सर्वांत कमजोर जोडीच ठरवते. पूर्ण चार्ज पॅकमध्ये जवळपास 400 व्होल्ट डीसी असतो. हे काम घरी मुळीच करू नये.

सगळीच मॉड्यूल सारखी थकली असतील, तर मात्र पॅकच बदलावा लागतो. लीफच्या बॅटरीला पंख्याचं किंवा पाण्याचं कूलिंग नव्हतं. ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या उन्हात 2012 मध्येच मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. उष्णतेने सेलच्या ऋण टोकातल्या ग्रॅफाइटवरचा थर जाड होतो, त्यात लिथियम अडकतं आणि क्षमता घटते ती कायमची. विदर्भातल्या मे महिन्यात गाडी उन्हात उभी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जपानमध्ये निसान आणि सुमितोमो यांच्या फोर-आर एनर्जीने 2018 मध्ये फुकुशिमातल्या नामिए गावी कारखाना काढला. 2011 च्या अणुदुर्घटनेनंतर रिकामं करावं लागलेलं हे गाव. तिथे जुने पॅक उघडून मॉड्यूल तपासतात आणि चांगली निवडून पॅक पुन्हा बांधतात. 2018 मध्ये अशा पॅकची किंमत तीन लाख येन होती, नव्याच्या साधारण निम्मी.

हे जमलं, कारण लीफचा पॅक बोल्ट काढून उघडता येतो. टेस्लाच्या 4680 (46 मिमी व्यास, 80 मिमी उंची) सेलच्या पॅकमध्ये सेल फोममध्ये रुतवलेले असतात. गाडी हलकी आणि मजबूत होते, पण एक सेल बदलणं जवळपास अशक्य. मला हा सौदा ग्राहकाच्या तोट्याचा वाटतो.

आपल्याकडे जानेवारी 2020 मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीची आठ वर्षांची बॅटरी वॉरंटी 2028 पासून संपू लागेल. तोवर पुण्या-नागपुरात सुटं मॉड्यूल आणि ते बसवणारा प्रशिक्षित मेकॅनिक, दोन्ही मिळायला हवेत.