परसबागेतलं ठिबक: पेप्सी, बादली आणि आयएसआय मार्क

आज गच्चीवर दहा कुंड्या असल्या तरी लोक टायमरसकट ठिबकचा किट मागवतात, आणि हे शेतातल्याच ठिबकचं छोटं रूप आहे असं धरून चालतात. मला ते अर्धंच खरं वाटतं.

जुना भाग थोडक्यात. मुळाशी थेंबथेंब पाणी सोडायचं हे आपल्याला नवीन नव्हतंच, वैशाखात तुळशीवर गळती टांगतात ती तेच करते. आजचं ठिबक मात्र प्लास्टिक हाताशी आल्यानंतरचं. 1965 मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका किबुत्झने (सामूहिक शेती करणाऱ्या वसाहतीने) ड्रीपरचं, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोटीचं, उत्पादन हाती घेतलं, आणि 80 च्या दशकाच्या शेवटाकडे आपल्याकडे द्राक्षं, केळी, डाळिंब या पैसा देणाऱ्या पिकांतून ते पसरलं. भाजीच्या वाफ्याचा तेव्हा फारसा कोणी विचार केला नव्हता.

खरा फाटा फुटला तो अनुदानामुळे. अनुदान मिळायचं ते हेक्टरच्या हिशोबाने, सातबारा दाखवून, आणि आयएसआय मार्क असलेल्या सामानालाच. पुढे 2006 ची केंद्राची योजना आली, 2015 ला 'प्रति थेंब अधिक पीक' आलं, तरी हा पाया तोच राहिला. यावर वाद बराच झाला आणि तो समजून घ्यायला पाहिजे. मार्क हवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हलका पाइप उन्हात तडकला की शेतकऱ्याचाही पैसा जातो आणि सरकारचाही. पण त्याच काळात मध्य प्रदेशातल्या निमाडात आणि इकडे खानदेशात लोक पेप्सी वापरत होते. पेप्सी म्हणजे शाळेबाहेर मिळायची ती पातळ प्लास्टिकच्या नळीतली बर्फाची कांडी, त्याच नळीचा अखंड रोल आणायचा, भोकं पाडायची आणि मान्सूनपूर्व कापसाला पाणी द्यायचं. एका हंगामात फाटायची, पण पहिला खर्च इतका कमी की ज्याच्याकडे कर्जाची पत नाही तोही ठिबक करून बघू शकत होता. या लोकांना योजनेत जागाच नव्हती. माझ्या मते तिथे चूक झाली, स्वस्त सामानासाठी वेगळं मानक करता आलं असतं.

परसबागेचा वारसा या दुसऱ्या बाजूचा आहे. 90 च्या दशकात स्वस्त ठिबकवर काम करणाऱ्यांनी बादली किट आणला: 20 लिटरची बादली मीटरभर उंच टांगायची, खाली लॅटरल (ओळीने पसरायची नळी) आणि तिला जोडलेल्या मायक्रोट्यूब (अगदी बारीक नळ्या), ना मोटर ना वीज. मोठ्या वाफ्याला 200 लिटरचा ड्रम. आफ्रिकेतही हे किट गेले, मुख्यतः घरच्या भाजीसाठीच.

हे सगळं आज का महत्त्वाचं, तर प्रेशरमुळे. ड्रीपरवर 4 लिटर लिहिलेलं असतं ते ताशी, आणि साधारण 1 किलो प्रेशरला, म्हणजे 10 मीटर उंचीवरच्या पाण्याला. आपली टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम दोन मीटर वर, त्यामुळे तोच साधा ड्रीपर पावणेदोन-दोन लिटरच सोडतो आणि लाइनीच्या शेवटचा तर अजून कमी. पाणी येत नाही म्हणून लोक वेळ वाढवतात, मग टाकीजवळच्या मिरचीच्या कुंडीतून पाणी खालून वाहून जातं आणि टोकाचं वांगं सुकतं. अशा कमी प्रेशरला मायक्रोट्यूब बरी पडते, लांबी कमीजास्त करून पाणी सारखं करता येतं, पण पॅकबंद किटमध्ये ती क्वचितच असते.

'90 टक्के कार्यक्षमता', म्हणजे दिलेल्या पाण्यातलं 90 टक्के पिकाला मिळतं, हा आकडाही शेतातलाच. तो पाटाने मोकाट दिलेल्या पाण्याशी तुलना करून सांगतात, आणि घरी मगाने पाणी घालणारी बाई मोकाट पाणी देतच नव्हती. घरी बचत होते ती आच्छादन घालून, रोज थोडं थोडं देऊन आणि कुंडीखाली पाणी दिसायच्या आधी कॉक बंद करून.

2020 च्या लॉकडाऊननंतर गच्चीवरच्या बागा वाढल्या आणि बॅटरीवरचे टायमर घरोघरी आले, त्यातही हाच घोळ, बरेचसे नळाच्या प्रेशरसाठी बनवलेले. टाकीवर लावायचा असेल तर शून्य प्रेशरला उघडणारा बॉल व्हॉल्व्हवाला टायमर विचारून घ्यावा, आणि बोअरचं पाणी असेल तर वाळू-गाळ अडवायला आधी फिल्टर; विरघळलेले क्षार मात्र त्यातून जातात आणि ड्रीपरच्या तोंडाशी धरतात, ते साफ करावेच लागतात.