कळलावी

कळलावी ही पावसाळ्यात उगवणारी, भूमिगत कंदावर तग धरणारी विषारी व औषधी वेल असून तिचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा आहे. कार्ल लिनीअस याने १७५३ मध्ये ते दिले. पूर्वी पलांडू कुलात (लिलिएसी) गणली जाणारी ही वनस्पती आता कॉल्चिकेसी कुलात ठेवतात. उष्णकटिबंधीय आफ्रिका, भारत, श्रीलंका व आग्नेय आशियात ती आढळते. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भरपूर पावसाच्या पश्चिम पट्ट्यातील कुंपणे, झुडपे व डोंगरउतार हे तिचे योग्य अधिवास होत.

पानाचे टोक लांबून ताण्यासारखे वळते व त्याच्या आधारे वेल चढते. वनस्पती फुलावर नसतानाही ही खूण पुरेशी ठरते. फुलाची सहा नागमोडी परिदले (पाकळ्यांसारखी दले) मागे वळलेली असून ती प्रथम हिरवट-पिवळी, मग नारिंगी व शेवटी लाल होतात. त्यामुळे एकाच वेलीवर दोन रंगांची फुले दिसून नवख्याला त्या दोन जाती वाटू शकतात. किंजल (स्त्रीकेसराचा दांडा) तळाशी जवळजवळ काटकोनात वळलेला असतो.

नावांचा अभ्यास येथे विशेष फलदायी आहे. दुभंगलेल्या, नांगरासारख्या कंदावरून संस्कृतात ‘लांगली’ व ज्वाळेसारख्या फुलावरून ‘अग्निशिखा’ ही नावे पडली. ‘कळलावी’ या नावाचा संबंध प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी कंदाचा लेप लावण्याच्या जुन्या उपयोगाशी जोडतात. लोकसमजुतीने मात्र त्यातून भांडणाची कळ काढली, आणि हे फूल घरात आणले की तंटा होतो असे आजही सांगितले जाते. ‘खड्यानाग’ हेही मराठी नाव रूढ आहे. खरी अडचण ‘बचनाग’ या नावाची आहे, कारण काही ठिकाणी ते कळलावीलाही लावतात, पण मूळचा बचनाग ही हिमालयातील अ‍ॅकोनिटम प्रजातीची, कुलानेही वेगळी वनस्पती आहे. तिचे अ‍ॅकोनिटीन हे विष हृदयाची लय बिघडवते, तर कळलावीतील कॉल्चिसीन पेशीविभाजन रोखते. म्हणून केवळ स्थानिक नावावर विसंबलेली नोंद अपुरी होय. नाव कोणत्या गावी व कोणत्या बोलीत मिळाले हे लिहून पान, फूल व कंद यांसह नमुना जतन करणे आवश्यक असते.

आयुर्वेदात लांगलीची गणना सात उपविषांत (सौम्य विषांत) होते व ती शोधनानंतरच, म्हणजे विषारीपणा कमी करण्याच्या प्रक्रियेनंतरच, वापरतात. कॉल्चिसीन आधुनिक वैद्यकात वातरक्तावर (गाउट), तर वनस्पतिप्रजननात गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी वापरले जाते. तमिळनाडूत बियांसाठी या वेलीची शेती होते. कंद रताळे समजून खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत.